हातातील पडदा आणि जगण्याचे प्रयोजन : विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक अभ्यास

निवासी शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात दोन घटना बहुधा एकाच महिन्यात घडतात. शाळेची घंटा सुटते आणि हातात स्वतःचा स्मार्टफोन येतो. पहाटेचे उठणे, वंदना, न्याहारी, तासिका, मैदान, सायंकाळचा अभ्यास, दिवे मालवण्याची वेळ हे सारे अनेक वर्षे दुसऱ्याने आखून दिलेले असते. मग जून-जुलैत तो पुणे, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील महाविद्यालयात दाखल होतो आणि त्या दिवसापासून सकाळी किती वाजता उठावे हे सांगणारे कोणी उरत नाही. पालक सभांत आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो : मुलगा शाळेत असताना चांगला होता, मोबाईलने त्याला बिघडवले काय? या प्रश्नामागील काळजी खरी आहे. परंतु प्रश्नाची मांडणी अपुरी आहे, असे आमचे मत झाले आहे. मोबाईल आला ही एक घटना झाली; घंटा गेली ही दुसरी. पहिलीची चर्चा सर्वत्र होते, दुसरीची जवळजवळ होत नाही. प्रस्तुत लेखात या दोहोंचा एकत्र विचार करण्याचा प्रयत्न आम्ही केला आहे.

प्रथम 'व्यसन' या शब्दाविषयी. घराघरांत तो सहज उच्चारला जातो. वैद्यकशास्त्र मात्र तो इतक्या सहजपणे वापरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणास २०१९ साली मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. त्यात संगणकीय व मोबाईलवरील खेळांच्या विकाराचा समावेश आहे, परंतु 'स्मार्टफोनचे व्यसन' नावाचा स्वतंत्र आजार त्यात नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीतही तो नाही. याचा अर्थ त्रास खोटा आहे असा नव्हे. फोन हे एक उपकरण आहे आणि त्यातून माणूस नेमके काय करतो यावर बरेच काही अवलंबून असते, म्हणून शास्त्रज्ञ जपून बोलतात, इतकाच त्याचा अर्थ. कोणी त्यावर रात्री आईशी बोलतो, कोणी जुगाराचे ॲप चालवतो. दोघांचेही पडद्यापुढचे तास मोजले तर ते सारखेच भरतील. तेव्हा तास मोजून निदान करू नये. ठरवूनही थांबता येत नाही काय, दिवसेंदिवस अधिकाधिक वेळ लागतो काय, फोन दूर ठेवला की चिडचिड होते काय, झोप, अभ्यास आणि माणसे यांची हानी डोळ्यांना दिसत असूनही हात तिकडेच जातो काय, हे पाहावे. या अर्थाने आम्ही पुढे 'आसक्ती' हा शब्द वापरतो. आपल्या वाचकांस तो अधिक परिचित आहे आणि त्यात दोषारोप कमी, वर्णन अधिक आहे.

ही आसक्ती मोजण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली दक्षिण कोरियात तयार झाली. २०१३ साली प्रथम तेहतीस विधानांची आणि त्याच वर्षी दहा विधानांची संक्षिप्त आवृत्ती प्रसिद्ध झाली. ठरवलेले काम फोनमुळे राहून जाते काय, तासाला बसल्यावर चित्त लागत नाही काय, मनगट किंवा मान दुखते काय, फोन जवळ नसेल तर सहन होत नाही काय, जवळची माणसे अतिवापराबद्दल बोलतात काय, अशा आशयाची ती विधाने आहेत. प्रत्येकास एक ते सहा गुण द्यायचे. एकूण गुण दहा ते साठ. मुलांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ ही धोक्याची रेषा मूळ संशोधकांनी सुचवली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. ही रेषा कोरियातील शाळकरी मुलांवरून काढलेली आहे. ती जशीच्या तशी उचलून आपल्याकडील विद्यापीठीय विद्यार्थ्यांस लावली आणि 'इतके टक्के विद्यार्थी व्यसनाधीन' असे मथळे दिले, तर ते शास्त्र म्हणता येणार नाही. वृत्तपत्रांतील असे आकडे वाचताना मोजपट्टी कोणाची आहे हे आधी पाहावे.

दुसरी बाजू जीवनार्थाची. जगण्यास अर्थ आहे ही जाणीव मोजता येते काय? प्रश्न विचित्र वाटेल, पण मानसशास्त्रज्ञांनी तसा प्रयत्न दीर्घकाळ केला आहे. १९६४ साली क्रम्बॉ आणि माहोलिक यांनी जीवनातील प्रयोजनाची वीस प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. आज अधिक प्रचलित आहे ती मायकेल स्टेगर व त्यांच्या सहकाऱ्यांची २००६ सालची दहा विधानांची प्रश्नावली. तिचे वैशिष्ट्य असे की ती दोन वेगळ्या गोष्टी मोजते. पाच विधाने अर्थाच्या उपस्थितीविषयी आहेत, म्हणजे आपले जगणे कशासाठी आहे हे मला उमगले आहे काय. उरलेली पाच अर्थाच्या शोधाविषयी आहेत, म्हणजे तसे काही मी धुंडाळतो आहे काय. या दोन गोष्टी परस्परांच्या विरोधी नाहीत. एखाद्यास अर्थ गवसलेला असूनही त्याचा शोध चालू असू शकतो, आणि एखाद्यास अर्थ नसतो आणि शोधही नसतो. अठरा ते बावीस या वयात शोध जास्त असणे हे आजारपण नव्हे, ते वयाचे लक्षण आहे. पालकांनी हे विशेषकरून ध्यानात घ्यावे. 'पुढे काय करायचे ते कळत नाही' असे म्हणणारा मुलगा वाया गेलेला नसतो. असा मुलगा ही अस्वस्थता घेऊन कोणाकडे जातो, हे महत्त्वाचे आहे.

या दोन मोजपट्ट्या एकत्र लावून झालेले संशोधन गेल्या दहा-बारा वर्षांत बरेच वाढले आहे. त्यातील मोठा भाग चीन, दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तान येथील विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर झालेला आहे. त्याचा सर्वसाधारण कल असा की, ज्यांस जीवनार्थाची जाणीव अधिक, त्यांच्यात फोनची आसक्ती कमी आढळते. संख्याशास्त्राच्या भाषेत यास ऋण सहसंबंध म्हणतात. परंतु हा संबंध प्रचंड नसतो. समजा एखाद्या पाहणीत तो उणे ०.३ इतका आला. त्याचा वर्ग ०.०९. म्हणजे विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांत आसक्तीचा जो फरक दिसतो, त्यातील सुमारे नऊ टक्के फरकच जीवनार्थाच्या गुणांशी जोडता येतो. एक्क्याण्णव टक्के इतर गोष्टींत वाटलेला राहतो. त्या इतर गोष्टी म्हणजे एकाकीपणा, झोप, पैशाची चिंता, खोलीतील सोबती, अभ्यासक्रमाची भाषा. 'ध्येय नाही म्हणून मोबाईल' असे एका वाक्यात सांगणाऱ्या व्याख्यात्यांनी हे नऊ आणि एक्क्याण्णव ध्यानी घेतले तर बरे.

शिवाय बहुतेक पाहण्यांत विद्यार्थ्यांस एकदाच प्रश्नावली दिली जाते. त्यावरून आधी काय घडले हे कळत नाही. पोकळी आली म्हणून फोन हाती घेतला, की फोनमध्ये तास गेल्याने पोकळी आली? की परगावी, परक्या भाषेत, तुटपुंज्या पैशात राहण्याच्या ताणाने दोन्ही एकदम वाढले? आमच्या अनुभवास येते ते असे की ही साखळी वर्तुळाकार असते. रात्री दोनपर्यंत रील पाहिल्या, सकाळचा तास चुकला, तास चुकला म्हणून प्रकरण समजले नाही, समजले नाही म्हणून वर्गात बसण्याची लाज वाटू लागली, आणि ती लाज विसरण्यास सर्वांत जवळचे साधन उशाशीच होते. महिन्याभरात असा विद्यार्थी 'मला या शिक्षणात रस नाही' असे म्हणू लागतो. वास्तविक रस गेलेला नसतो. झोप गेलेली असते.

पोकळी जुनी, पडदा नवा

जीवनार्थाच्या प्रश्नावर विसाव्या शतकात ज्यांनी सर्वांत गंभीरपणे लिहिले त्यांत व्हिक्टर फ्रँकल यांचे नाव अग्रभागी येते. १९०५ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले हे ज्यू मानसोपचारतज्ज्ञ. १९४२ साली त्यांना नाझींनी थेरेझिनश्टाट येथे पाठवले; १९४४ मध्ये आउशवित्झ आणि पुढे डाखाऊच्या उपछावण्या; एप्रिल १९४५ मध्ये सुटका. आईवडील, पत्नी, भाऊ त्या छळछावण्यांत गेले. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने पुढे जगभर वाचक मिळवले. ज्यास जगण्याचे प्रयोजन ठाऊक आहे तो अत्यंत हलाखीतही तग धरू शकतो, हे त्यांनी स्वतःच्या आणि सोबत्यांच्या अनुभवावरून मांडले आणि 'अर्थोपचार' म्हणता येईल अशी एक उपचारपद्धती उभी केली.

फ्रँकल यांनी आपल्या विद्यार्थ्यांविषयी एक आकडा नमूद केला आहे. त्यांच्या युरोपीय विद्यार्थ्यांपैकी पंचवीस टक्के आणि अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी साठ टक्के विद्यार्थ्यांत त्यांना अस्तित्वाची पोकळी कमीअधिक तीव्रतेने जाणवली होती. ही गोष्ट स्मार्टफोनच्या कितीतरी दशके आधीची. पहिला आयफोन २००७ चा. आपल्याकडे खेड्यापाड्यांत स्वस्त इंटरनेट पोचले ते २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यानंतर. तेव्हा पोकळी फोनने निर्माण केली असे म्हणता येत नाही. फोनने इतकेच केले की ती पोकळी जाणवण्याच्या आधीच बुजवली जाऊ लागली.

फ्रँकल यांनी 'रविवारचे नैराश्य' अशीही एक कल्पना मांडली. आठवड्याची धावपळ संपते, सुटीच्या दिवशी माणूस स्वतःसमोर येतो आणि आतले रितेपण त्यास जाणवते. वसतिगृहातील रविवारची दुपार ज्यांनी अनुभवली आहे त्यांस हे समजावून सांगावे लागणार नाही. मेसला रविवारी सायंकाळी सुटी असते, कपडे दोरीवर वाळत असतात, खोलीतील सोबती गावी गेलेला असतो. पूर्वी अशा दुपारी विद्यार्थी कंटाळत असे. कंटाळून तो पत्र लिही, कोणाच्या तरी खोलीत जाऊन बसे, वाचनालयात जाई, क्वचित रडेही. कंटाळा हा एक प्रकारचा निरोप असतो. काहीतरी उणे आहे एवढेच तो सांगतो. आज तो निरोप वाचण्याआधीच पुसला जातो. पडदा उजळतो, तीन तास जातात, अंधार पडतो. त्या तीन तासांत दुःखही झालेले नसते आणि आनंदही.

हे तास असे निसटतात यामागे विद्यार्थ्याचा कमकुवतपणाच केवळ नाही. त्यामागे हेतुपूर्वक केलेली रचना आहे. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले होते की, प्रत्येक वेळी चोच मारल्यावर दाणा मिळण्यापेक्षा, कधी मिळतो कधी मिळत नाही अशी अनिश्चितता असेल तर पक्षी कितीतरी अधिक काळ चोच मारीत राहतो. जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात आणि आपला अंगठाही. पुढची रील कदाचित चांगली असेल. कदाचित कोणीतरी स्टेटस पाहिला असेल. पूर्वी वाचता वाचता पान संपत असे आणि उलटावे लागे. त्या क्षणी थांबण्यास अवसर मिळे. २००६ साली एझा रास्किन या तंत्रज्ञाने पान न संपणारी रचना तयार केली आणि पुढे तिच्या परिणामांविषयी जाहीरपणे खेदही व्यक्त केला. आपल्या मुलाची लढत कोणाशी आहे याची कल्पना पालकांस असावी, म्हणून हे सांगितले. हजारो कुशल अभियंते एका बाजूस आणि एकोणीस वर्षांचा, नुकताच गाव सोडून आलेला विद्यार्थी दुसऱ्या बाजूस.

आपल्या विद्यार्थ्यांचे वेगळेपण

आतापर्यंतचे विवेचन कोणत्याही विद्यार्थ्यास लागू पडेल. परंतु आपल्या शाळेतून गेलेले बहुसंख्य विद्यार्थी घरातील पहिलेच महाविद्यालयात जाणारे आहेत आणि त्यामुळे चित्र थोडे पालटते.

पहिली गोष्ट ही की, त्यांना फोन टाकून देता येत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. त्यासाठीचा ओटीपी फोनवर येतो. स्वाधार योजनेची माहिती, परीक्षेचे वेळापत्रक, तास रद्द झाल्याचा निरोप, स्पर्धा परीक्षेच्या टिपणांचे टेलिग्राम चॅनल, मेसचे पैसे देणे हे सगळे त्यावरच. टाळेबंदीत, मार्च २०२० नंतर, कित्येक घरांत पहिला स्मार्टफोन आला तो शिक्षणासाठीच. कोणी शेळी विकून घेतला, कोणी हप्त्यांवर. त्या फोनला आता केवळ शत्रू म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुलींच्या बाबतीत तर फोन ही सुरक्षिततेची आणि थोड्याशा स्वातंत्र्याचीही वस्तू आहे. 'मोबाईल काढून घ्या' हा उपाय घरांत सर्वांत आधी मुलींवर चालवला जातो आणि त्यात काळजीपेक्षा पहारा अधिक असतो, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. संशोधनात जीवनार्थाचा अभाव हा धोका मानला जातो. आपल्या मुलांत अनेकदा अभाव नसतो, भार असतो. ऊसतोडीस जाणारे वडील, दुसऱ्याच्या रानात खुरपणीस जाणारी आई, लग्न लांबणीवर टाकलेली बहीण, गावातील विहारात सत्कार करणारी मंडळी या सर्वांच्या जगण्याचे प्रयोजन एका मुलाच्या खांद्यावर ठेवलेले असते. 'तू अधिकारी हो' एवढे एकच वाक्य त्यास दहावीपासून ऐकू येते. हे प्रयोजन थोर आहे, पण ते उसने आहे; त्याच्या स्वतःच्या शोधातून आलेले नाही. पूर्व परीक्षेत दोनदा अपयश आल्यावर पुण्याच्या एखाद्या अभ्यासिकेत बसलेला असा तरुण फोनकडे वळतो तो रितेपणातून नव्हे. त्याला क्षणभर कोणाचीही आशा होऊन राहायचे नसते. त्याच्या प्रश्नावलीत 'माझ्या जगण्यास उद्देश आहे' या आशयाच्या विधानापुढे कदाचित उच्च गुण मिळतील आणि आसक्तीचे गुणही उच्चच येतील. सरासरीच्या कोष्टकात असा विद्यार्थी दिसत नाही. आम्हांस मात्र असे विद्यार्थी भेटतात, आणि त्यांना 'आईवडिलांचे कष्ट आठव' असे सांगणे म्हणजे दुखऱ्या जागेवर पुन्हा तोच भार ठेवणे होय.

तिसरी गोष्ट आशेची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीच्या निमित्ताने एप्रिलमध्ये अनेक महाविद्यालयांत व वसतिगृहांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. पहाटे विद्यार्थी सभागृहात येऊन बसतात, फोन एका टेबलावर जमा होतात किंवा पिशवीत बंद राहतात आणि रात्री उशिरापर्यंत वाचन चालते. एरवी वीस मिनिटे पुस्तक न उघडणारे विद्यार्थी त्या दिवशी बसतात. मध्ये चहा होतो, जेवण होते, डुलक्याही होतात, पण बसतात. या उपक्रमावर 'एका दिवसाच्या अभ्यासाने काय होणार' अशी टीका होते, आणि गुणपत्रिकेच्या दृष्टीने ती बरोबर आहे. आम्ही त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. चित्त स्थिर करण्याची शक्ती त्या मुलांतून नष्ट झालेली नाही, याचा तो पुरावा आहे. त्या दिवशी त्यांच्यापाशी तीन गोष्टी असतात : आपण हे कशासाठी करीत आहोत याची स्पष्ट जाणीव, शेजारी तेच करणारी शंभर माणसे, आणि नजरेआड असलेला फोन. उरलेल्या दिवसांत या तिन्ही गोष्टी एकदम नाहीशा होतात.

फोन नजरेआड असण्याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध आहे. २०१७ साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी काही जणांचे फोन टेबलावर, काहींचे खिशात वा पिशवीत आणि काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवून त्यांस बुद्धीची कामे दिली. फोन बंद अवस्थेतही जवळ असेल तर कामगिरी किंचित उतरते आणि दुसऱ्या खोलीत असेल तर ती सर्वांत चांगली राहते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे इतरांनी केलेल्या पडताळण्यांत तो निष्कर्ष प्रत्येक वेळी तसाच आला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण दुसऱ्या खोलीत फोन ठेवण्यास पैसे पडत नाहीत. करून पाहण्यास हरकत नसावी.

संयुत्तनिकायाच्या सळायतन विभागात सहा प्राण्यांची उपमा आहे, ती आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ऐकली असेल. साप, सुसर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड यांना दोरीने एकत्र बांधले तर प्रत्येक आपापल्या ठिकाणाकडे ओढतो : साप वारुळाकडे, सुसर पाण्याकडे, पक्षी आकाशाकडे, कुत्रा गावाकडे, कोल्हा स्मशानाकडे, माकड वनाकडे. जो बलवान असेल त्याच्यामागे इतर फरफटत जातात. सहा इंद्रियांची अवस्था अशी होते. मग तेच प्राणी एका भक्कम खांबास बांधले तर ओढून ओढून थकतात आणि खांबापाशीच बसतात, निजतात. तो खांब म्हणजे कायगता स्मृती. ही उपमा येथे उपदेशासाठी दिलेली नाही. तिच्यातील एक बारकावा आमच्या विषयास उपयुक्त वाटतो : प्राण्यांना मारावे असे तेथे कोठेही म्हटलेले नाही आणि प्राण्यांशी भांडण्यातही शक्ती खर्च केलेली नाही. सारा भर खांब रोवण्यावर आहे. 'फोन वापरू नका' हे प्राण्यांशी भांडणे झाले. विद्यार्थ्याच्या दिवसात एखादा खांब आहे काय, हा त्याहून उपयोगी प्रश्न होय.

खांब कोणते

फ्रँकल यांच्या मते अर्थ तीन वाटांनी येतो : हातून काही निर्माण होते किंवा घडते तेव्हा; कोणा व्यक्तीशी, निसर्गाशी, कलेशी खरी भेट होते तेव्हा; आणि टाळता न येणाऱ्या दुःखास माणूस कसा सामोरा जातो त्यातून. तिन्ही वाटा चिंतनाच्या कमी आणि कृतीच्या अधिक आहेत. म्हणून 'जीवनाचा अर्थ' या विषयावर व्याख्यान ठेवण्यापेक्षा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास आठवड्यातील दोन तासांचे असे काम द्यावे, जे तो गेला नाही तर कोणाचे तरी अडेल. वस्तीतील सहावीच्या मुलांचे गणित, वाचनालयाच्या नोंदवहीचे काम, वसतिगृहातील नव्या विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे. शेवटचे काम तर फोनवरच होते, आणि तरीही ते अर्थपूर्ण आहे.

सामूहिक नियमाचे बळ किती असते याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने घालून दिले. २०२२ पासून तेथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवून मुले अभ्यासास बसतात, असा ग्रामस्थांचा निर्णय आहे. एका घराने हे केले असते तर शेजारच्या मालिकेच्या आवाजाने ते आठ दिवसांत मोडले असते. वसतिगृहातही एकट्याचा निश्चय टिकत नाही. खोलीतील चौघांनी मिळून रात्री अकरानंतर चारही फोन दाराजवळच्या फळीवर चार्जिंगला लावायचे ठरवले तर टिकतो. गजरासाठी फोन उशाशी लागतो ही सबब नेहमी पुढे येते. गजराचे साधे घड्याळ अद्याप बाजारात मिळते.

पालकांस एवढेच सुचवावेसे वाटते की, रोजच्या फोनमध्ये 'अभ्यास केला का' हा पहिला प्रश्न नसावा. काय जेवलास, सोबती कोण आहे, आज कोणाशी बोललास असे विचारावे. आणि घरची अडचण सांगायची असेल तर लपवू नये, पण तिचा हिशेब मुलाच्या माथी मारू नये. तसेच दिवसातून चार व्हिडिओ कॉल करून 'सारखा फोनवर असतोस' म्हणणे शोभत नाही.

जेथे प्रकरण याच्या पलीकडे गेलेले असते, म्हणजे झोप पूर्ण उलटली आहे, पैसे ऑनलाइन खेळांत जात आहेत, परीक्षा बुडाल्या आहेत, जगू नये असे बोलणे निघते आहे, तेथे समजूत घालत बसू नये. बंगळुरू येथील निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या निकोप वापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचार केंद्र चालते. केंद्र शासनाची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही मानसोपचार विभाग असतो. तापासाठी डॉक्टरांकडे जातो तसे जावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

आता माजी विद्यार्थ्यांविषयी. मोठ्या शहरांत आपले माजी विद्यार्थी आहेत. कोणी शिक्षक आहेत, कोणी बँकेत, कोणी रुग्णालयात, कोणी रिक्षा चालवतात. प्रत्येक शहराचा एक व्हॉट्सॲप गट आहे आणि त्यावर सकाळी शुभेच्छांची चित्रे येतात. त्याच गटावर दरवर्षी ऑगस्टमध्ये, प्रवेश पूर्ण झाल्यावर, त्या शहरात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांची नावे शाळेने कळवावीत आणि एकेका माजी विद्यार्थ्याने एकेकाची जबाबदारी घ्यावी, अशी योजना आम्ही सुचवतो. जबाबदारी पैशाची नव्हे. महिन्यातून एका रविवारी दुपारी, म्हणजे मेस बंद असते त्याच दिवशी, त्यास घरी जेवावयास बोलवायचे. जेवताना दोघांचेही फोन दुसऱ्या खोलीत. अभ्यासाची चौकशी केली नाही तरी चालेल. आपण स्वतः त्या शहरात पहिल्या वर्षी कसे राहिलो, कोठे घाबरलो, कोणत्या अभ्यासक्रमातून बाहेर पडून दुसरे काय धरले, हे सांगावे. अधिकारी न होताही जगण्यास प्रयोजन असू शकते, हे घरच्या ताटावर बसलेल्या मुलास कोष्टकांवाचून कळते. पुणे आणि नागपूर येथील काही माजी विद्यार्थ्यांनी यंदा सुरुवात करण्याची तयारी दर्शवली आहे. इतर शहरांतील मंडळींनी आपली नावे शाळेच्या कार्यालयात जुलैअखेर कळवावीत. यादी करण्याचे काम वसतिगृहाच्या गृहपालांकडे आहे.